संघराज्य आणि खाजनाचा बांध
(फोंडा येथील भाषणाचा मजकूर)



संघराज्य समजून घ्यायला आपले खाजन पुरे आहे. शेत ज्याचे त्याचे, पण बांध आणि मानस सर्वांची. मानशीचे दार एकाने मनाला येईल तेव्हा उघडले, तर खारे पाणी सगळ्यांच्या भातात शिरते. नाना भाषा आणि नाना धर्मांच्या आपल्या देशाने घटनेत हाच विचार करून कामे वाटून दिली.

शेती आणि जमीन राज्याकडे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याकडे, त्यापुढची केंद्राकडे. नदी अनेक राज्यांतून वाहत असेल, तर तंटा केंद्राने नेमलेल्या लवादाकडे. म्हादईचा लवाद २०१० साली नेमला गेला, निवाडा २०१८ साली आला.

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली आणि केंद्रशासित राहण्याला १,७२,१९१. तो कौल आपण मानला. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले. तेव्हा प्रश्न कायमचा मिटला, असे म्हणणाऱ्यांनी घटनेचे तिसरे कलम वाचावे. राज्याची हद्द संसद साध्या कायद्याने बदलू शकते. विधानसभेचे मत मागवावे लागते, पण ते संसदेवर बंधनकारक नसते. २०१४ साली आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळले, तरी तेलंगण झालेच.

म्हणजे वाट खुली आहे. पण ज्या कलमाने आपली इच्छा पुरी होईल, त्याच कलमाने उद्या आपल्या मनाविरुद्धही हद्द बदलेल, हे विसरू नका. म्हणून विलीनीकरण हवे असेल, तर सासष्टीच्या माणसालाही ते पटवूनच हवे.

हिशेबही सरळ मांडा. लोकसभेत गोव्याचे खासदार २, महाराष्ट्राचे ४८. मोठ्या घरात शब्दाला वजन येते. उलट गोव्याच्या विधानसभेत आमदार ४०, महाराष्ट्राच्या २८८. लहान घरात चूल जवळ असते. दोन्ही बाजू सांगाल, तरच लोक तुमचे ऐकतील.

तोवर आपला हक्क पदरात पाडून घ्या. बांध फुटला तर राज्याच्या खात्याकडे जा, खोल समुद्राची तक्रार असेल तर खासदारामार्फत केंद्राकडे. आणि अर्ज मराठीत लिहा. घटनेच्या ३५० व्या कलमाने तो अधिकार तुम्हाला दिला आहे. कोणी कारकून मराठी अर्ज परत करू लागला, तर त्याला कलमाचा आकडा सांगा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!