मोबाईलमधली बाकी आणि बँकेतली बाकी

बदलापूर-अंबरनाथला फ्लॅट घेतलेलं एखादं तरी घर आता आपल्या गावागावांत आहे. मुलगा लोकलने कामाला जातो, सून उल्हासनगरला जीन्सचे धागे कापायला जाते आणि दोघांच्या कमाईतून घराचा हप्ता भरला जातो. आमच्या बचत गटातही अशा चौघी आहेत. आज त्यांच्यातल्या एकीच्या हिशेबाबद्दल बोलू.

2022 च्या सुरुवातीला त्यांनी 20 लाखांचं कर्ज घेतलं. 15 वर्षं, व्याज 7 टक्के, हप्ता 17,977 रुपये. लेकाने मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये हे आकडे भरले. अ‍ॅप दर महिन्याला बाकी कमी करून दाखवायचं, आम्हीही कौतुक करायचो. तीन वर्षांनी थोडं सोनं मोडून कर्जात भरायचं ठरलं, म्हणून कर्जाचं स्टेटमेंट काढलं. बाकी अ‍ॅपपेक्षा लाखाहून जास्त निघाली! त्या दिवशी ती गटात आली ती रडतच. आपल्याला फसवलं असंच तिला वाटलं.

कागद घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. कर्जाचं व्याज बदलतं होतं, रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला बांधलेलं. मे 2022 च्या आधी 4 टक्के असलेला रेपो फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा झाला. तिचं व्याजही 7 वरून साडेनऊवर गेलं. हप्ता मात्र तोच राहिला, म्हणून घरात कुणाला कळलंच नाही. 20 लाखांवर 7 टक्क्यांनी महिन्याचं व्याज 11,667 रुपये, म्हणजे हप्त्यातले 6,310 मुद्दलात जातात. साडेनऊने व्याजच 15,833, मुद्दलात जेमतेम 2,144. अशाने 180 हप्त्यांचं कर्ज 270 हप्त्यांवर जातं. अ‍ॅपला यातलं काही कुणी सांगितलंच नव्हतं, ते आपलं 7 टक्केच धरून बसलेलं. 2025 मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो 1 टक्क्याने उतरला, तेही त्याला आपणच सांगायला हवं.

आणखी एक. बदलापूरला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला, तर बँक पैसे टप्प्याटप्प्याने सोडते. अ‍ॅप पहिल्या दिवसापासून सगळी रक्कम धरतं. एखादा हप्ता बाउन्स झाला, तरी काही अ‍ॅप तो भरला असंच समजतात.

मग अ‍ॅप काढून टाकायचं का? आम्ही तसं म्हणत नाही. गटाची वही आपण लिहितो, पण बैठकीत ती पासबुकाशी ताडून बघतोच ना? इथेही तेच करायचं. रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 ला नियम केला आहे: व्याज वाढून हप्ता किंवा मुदत बदलली तर कर्जदाराला कळवायचं, आणि हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याला निवडू द्यायचं. दर तीन महिन्यांनी स्टेटमेंटही मिळायला हवं. आजवर किती मुद्दल आणि किती व्याज गेलं, हप्ता किती, किती हप्ते उरले, व्याजदर काय, हे सगळं त्यात असतं. त्यातले उरलेले हप्ते आधी बघा.

बँकेचंही चुकू शकतं. मध्येच भरलेली रक्कम जमा दिसली नाही तर पावती जोडून लेखी विचारा, पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर बँकेची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे करता येते, माहितीचा फोन 14448. गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे जायचं.

आमच्या मैत्रिणीने सोनं मोडलं, पण आधी लेखी अर्ज दिला: हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. बदलत्या व्याजाच्या घरकर्जात आधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही, तिलाही लागला नाही. आता स्टेटमेंट आलं की लेक अ‍ॅप उघडतो आणि ती कागदावरचे आकडे मोठ्याने वाचते.