कमी पळालेली गाडी
जुनी हॅचबॅक घेताना नजर आधी किलोमीटरच्या आकड्यावर जाते. पण तो आकडा मागे फिरवता येतो, आणि गाडी उभ्या उभ्याही म्हातारी होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून साधारण 2 वर्षांनी बदलावे लागते. टायरचे रबर न वापरताही कडक होते. टायरच्या कडेवरील खुणेचे शेवटचे आकडे 2319 असतील, तर तो टायर 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. म्हणून कमी किलोमीटरपेक्षा बिलांची जाड फाईल मला मोलाची वाटते. ‘वॉरंटी शिल्लक आहे ना!’ असे कोणी म्हणेल. असेलही, पण क्लच प्लेट, ब्रेक पॅड अशा झिजणाऱ्या भागांना ती सहसा नसते, आणि वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केल्याची नोंद नसेल, तर इंजिनाचा दावाही अडू शकतो.