बंक जॉन्सनचे दात



लग्नाच्या वरातीत बँडमधला ट्रम्पेटवाला गाल फुगवून वाजवताना आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचे भांडवल कोणते? छातीतला दम, हे तर खरेच. पण त्याच्या जोडीला पुढचे दात! वाद्याचे तोंड ओठांवर टेकते आणि ओठांना आधार दातांचा. ते गेले की वादक मुका झाला.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या बंक जॉन्सनवर हाच प्रसंग ओढवला. जॅझ संगीताच्या बाळपणी हा त्या शहरात वाजवीत असे. पुढे तो लुइझियाना राज्यातील लहान गावांतून हिंडू लागला. १९३१ साली रेन गावी नाचाच्या कार्यक्रमात दंगल झाली. वाद्यवृंदाचा नायक इव्हान थॉमस मारला गेला, बंकचे वाद्य मोडले. पुढे दातही गेले. कलावंत मोलमजुरी करू लागला.

जुन्या जॅझचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्याला न्यू आयबेरियात शोधून काढले. त्यांचे पुस्तक १९३९ साली निघाले. रसिकांनी पैसे जमविले; विख्यात वादक सिडनी बेशे याचा भाऊ लेनर्ड हा दंतवैद्य, त्याने कवळी करून दिली. १९४२ साली बंकच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि १९४५ साली न्यूयॉर्कचे श्रोते त्याला ऐकावयास लोटले.

बंक काही संत नव्हता. आपले वय तो वाढवून सांगे, असे संशोधक म्हणतात. लुई आर्मस्ट्राँगला आपण शिकविले, हीही त्याची बढाई. आर्मस्ट्राँगने मात्र गुरुपणाचा मान किंग ऑलिव्हरला दिला.

पण मला सांगावयाचे आहे ते निराळेच. ज्यांनी त्याला दात दिले, त्यांना त्याच्याकडून जुने तेवढेच हवे होते. बंकला मात्र त्या दिवसांतली लोकप्रिय गाणीही वाजवावीशी वाटत. तो स्वतःला पुराणवस्तू मानीत नव्हता, कलावंत मानीत होता! १९४७ साली अखेरच्या ध्वनिमुद्रणात त्याने साथीदार आणि गाणी आपल्या पसंतीची घेतली. १९४९ साली तो वारला.

आपणही वृद्ध कलावंतांना शाल-श्रीफळ देतो आणि त्यांच्या तरुणपणची चीज मागतो. मागावी, जरूर मागावी. पण त्यानंतर एवढे अवश्य विचारावे : "बुवा, आज आपल्या मनात काय आहे?" आणि ते जे गातील, ते बसून ऐकावे.