माळावरचा अधिकारी



आटपाडी तालुक्यानं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला तीन अध्यक्ष दिले. 1973 मध्ये यवतमाळला ग. दि. माडगूळकर, 1983 मध्ये अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर आणि पुढच्याच वर्षी जळगावला शंकरराव खरात. पाऊस ज्या मुलखाला चुकवून जातो, त्या मुलखाचा हा मान आहे आणि तो इथल्या पोराबाळांना पाठ आहे. आज मात्र बोलायचं आहे ते शेजारच्या सोलापूरच्या एका अध्यक्षाविषयी. 2006 साली सोलापुरात 79 वं संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी मारुती चितमपल्ली होते. आयुष्यभर वनखात्याची नोकरी केलेला माणूस मराठी साहित्याच्या सर्वांत मानाच्या जागी बसला होता.

चितमपल्लींचा जन्म 1932 चा. घरची भाषा तेलुगू, शाळा सोलापूरची. 1958 ते 1960 त्यांनी कोइमतूरच्या वन महाविद्यालयात रेंजरचं प्रशिक्षण घेतलं आणि मग कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशा ठिकाणी नोकरी केली. 1990 मध्ये ते निवृत्त झाले. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘चकवाचांदण’, ‘पक्षिकोश’ ही पुस्तकं या नोकरीतूनच आली. कचेरीतून घरी आल्यावर विरंगुळा म्हणून केलेलं हे लेखन नव्हे. फिरतीवर जायचं, पाहिलेलं त्याच दिवशी टिपून ठेवायचं, आणि जे कळलं नाही ते रानातल्या माणसाला विचारायचं, ही त्यांची रीत होती. नवेगावबांधच्या माधवराव पाटलांकडून, तिथल्या गोंड आणि ढिवर लोकांकडून ते पक्षी शिकले. साहेबानं गावकऱ्यापुढे बसून शिकावं, ही गोष्ट त्या काळच्या सरकारी नोकरीत सोपी नव्हती. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात सोलापुरातच ते गेले.

त्यांचं नाव इथं काढण्याचं कारण एकच. पर्यावरण राखणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या हातात खरं हत्यार असतं ते नोंदीचं. शिट्टी, जीप, खाकी वर्दी हे सगळं त्यानंतर येतं.

वनखात्यातलंच पाहा. सर्वांत खाली वनरक्षक, म्हणजे गावाच्या तोंडचा ‘गार्ड’. त्याच्याकडे एक बीट. त्याच्यावर वनपाल, त्याच्यावर वनक्षेत्रपाल म्हणजे रेंजर, मग सहाय्यक वनसंरक्षक आणि पुढची मोठी पदं. वनरक्षकाची भरती खातं स्वतः करतं. रेंजर आणि सहाय्यक वनसंरक्षक राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात. भारतीय वनसेवेची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो, आणि 2013 पासून तिची पूर्वपरीक्षा नागरी सेवांबरोबर एकत्रच होते. त्या सेवेत शिरताना पुरुषांना 4 तासांत 25 किलोमीटर आणि स्त्रियांना 14 किलोमीटर चालून दाखवावं लागतं. ज्या तालुक्यातली पोरं दुष्काळात जनावरांमागं मैलोगणती चालली, त्यांच्या नातवंडांना या चालण्याचं भय वाटायचं कारण नाही.

आणि प्रशिक्षणासाठी फार लांब जायलाही नको. ज्या कुंडलनं स्वातंत्र्यलढ्यातल्या प्रतिसरकारचे दिवस पाहिले, तिथंच, आपल्याच सांगली जिल्ह्यात, वन अधिकाऱ्यांना घडवणारी प्रबोधिनी उभी आहे. परराज्यांतले उमेदवारही तिथं शिकायला येतात. लगतच सागरेश्वर अभयारण्य आहे, 10.87 चौरस किलोमीटरचं. ते मूळचं रान नव्हे. उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी रान उभं करण्याचा ध्यास घेतला, खात्यानं झाडं लावली, हरणं आणून सोडली, आणि 1985 मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सरकारी अधिकारी आणि चळवळीतला माणूस एका कामाला लागले की काय उभं राहतं, ते पाहायला आटपाडीहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

पर्यावरणाची नोकरी म्हणजे फक्त जंगल, असं मात्र कुणी समजू नये. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ 1970 साली स्थापन झालं. त्याचा क्षेत्र अधिकारी कारखान्याच्या नाल्यावर उभा राहून पाण्याचा नमुना घेतो. उसाच्या पट्ट्यात मळीमिश्रित पाणी नदीत आलं, मासे उलटे होऊन तरंगायला लागले, की लोक संतापून त्यालाच फोन करतात. पण 1974 च्या जल कायद्याचं कलम 21 वाचलं की या माणसाची अडचण कळते. त्यानं नमुना घेताना तिथल्या तिथं कारखानदाराला विहित नमुन्यात नोटीस द्यायची, त्याच्यासमोर पाण्याचे दोन भाग करायचे, दोन्हींवर खुणा करून सील लावायचं, दोघांनी सह्या करायच्या. ही रीत चुकली तर तो अहवाल कोर्टात पुरावा म्हणून उभा राहत नाही. नदी डोळ्यांसमोर काळी झालेली असली तरी खटला पडतो. म्हणून या अधिकाऱ्याला रसायनशास्त्र जितकं यायला हवं, तितकंच स्वच्छ, नेमकं, पाल्हाळ न लावता लिहिताही यायला हवं. मराठी शाळेतल्या निबंधाच्या तासाचा असा उपयोग कुणी मुलांना सांगत नाही. तो सांगायला हवा.

आता आपल्या माळाकडे येऊ. त्याच्यासाठीच तर हे सगळं बोलणं चाललं आहे.

2023 मध्ये आटपाडीचं 9.48 चौरस किलोमीटर वनक्षेत्र ‘संवर्धन राखीव’ म्हणून घोषित झालं. लांडगा, कोल्हा, खोकड यांचा हा मुलूख. संवर्धन राखीव ही तरतूद वन्यजीव संरक्षण कायद्यात 2002 च्या दुरुस्तीनं आली. ते सरकारी जमिनीवरच होतं, घोषित करण्याआधी तिथल्या लोकांशी विचारविनिमय करावा लागतो, आणि ते ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत येतं, त्या प्रत्येकीचा प्रतिनिधी त्याच्या समितीत असतो. गावाला बाहेर ठेवून ते चालवता येऊ नये, अशीच त्याची रचना आहे.

तरीही माळाचं दुःख जुनं आहे. कागदावर तो फार काळ ‘पडीक’ म्हणूनच राहिला. पडीक म्हटलं की कुणीतरी उत्साहानं खड्डे काढतं, गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ लावतं, फोटो निघतात. पण कुसळी गवताच्या उघड्या रानात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, लांबवर नजर टाकून धावणारं काळवीट, गवतात दबा धरणारा लांडगा यांना उघडा माळच लागतो. तिथं दाट झाडी उभी करणं म्हणजे त्यांचं घर मोडणं. नान्नजच्या माळढोक अभयारण्याची घोषणा 1979 ची. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत त्याचं क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर धरलं गेलं, पुढे ते 1,222 वर आणावं लागलं. शेतं, गावं, रस्ते सगळंच त्या रेघेत आलं होतं आणि लोकांचा राग त्या पक्ष्यावर निघाला. आज तिथं माळढोक दिसणं जवळजवळ संपलं आहे. आटपाडीची रेघ लहान आहे, ती विचारानं आखलेली आहे, आणि म्हणूनच तिला जपणारा अधिकारी शहाणा हवा.

त्याची पहिली परीक्षा मेंढपाळाच्या वाड्यावर होईल. लांडग्यानं रात्री मेंढरू मारलं तर सरकार भरपाई देतं. पण त्यासाठी ठरल्या मुदतीत खबर द्यायची, मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही, वनरक्षकानं येऊन पंचनामा करायचा, मग बँकेच्या खात्यावर पैसे. गावात घर असलेल्याला हे जमतं. धनगराचा वाडा मात्र आज इथं तर उद्या पुढच्या शिवारात. एका मेंढरासाठी शंभर मेंढरं उपाशी ठेवून तो साहेबाची वाट पाहील कसा? तो भरपाई सोडून देतो आणि मनात लांडग्याचा हिशेब ठेवतो. पुढे कधीतरी एखाद्या मेल्या मेंढराच्या मांसात विष कालवलं जाण्याची भीती असते ती इथं. लांडगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला मारणं हा गंभीर गुन्हा आहे, पण अनुसूची वाड्यावर कुणी वाचून दाखवलेली नसते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’च्या मुलखात बदलून आलेल्या रेंजरला हे समजत नसेल, तर परीक्षेत पहिला आला तरी तो या माळाला उपयोगी नाही. ज्याला समजतं तो रात्री बाराला फोन उचलतो, फटफटीवर वाड्यावर पोचतो, तिथंच बसून पंचनामा लिहितो.

असे अधिकारी आहेत. त्यांची नावं वर्तमानपत्रात येत नाहीत, बदली झाली की गावही विसरतं. बदलीबरोबर त्यांनी मिळवलेली माहितीही जाते, हे नुकसान त्याहून मोठं. नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून विचारत फिरतो की ओढ्याला पाणी कुठवर टिकतं, लांडग्याची गुहा कुठल्या टेकाडावर आहे, मेंढरं कुठल्या महिन्यात कुठल्या वाटेनं जातात.

इथं जमलेल्या लेखक-वाचकांकडे म्हणून एक मागणं आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता समिती आणि लोकांची नोंदवही दिली आहे. बऱ्याच ठिकाणी ती वही कुणाकडून तरी भरून घेऊन कपाटात ठेवली जाते. आटपाडी तालुक्यातल्या गावांनी ती स्वतः लिहावी. शाळेतल्या शिक्षकांनी, लिहित्या हातांनी आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी मेंढपाळांच्या वाड्यांवर, खिलार पाळणाऱ्यांच्या गोठ्यांत, माणगंगेच्या काठावर बसून विचारावं आणि त्यांच्याच शब्दांत टिपावं. गवतांची नावं, पाणवठ्यांच्या जागा, पक्षी येण्याचे महिने, सगळं. दर वर्षी त्यात भर घालावी. नवा रेंजर तालुक्यात रुजू होईल त्या दिवशी सरपंचांनी हार-तुऱ्याऐवजी त्या वहीची एक प्रत त्याच्या हातात द्यावी, आणि आठवड्याभरात माळावर भेटायची वेळ मागून घ्यावी.