आधी कामाचा अभ्यास, मग संगणक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपणांपुढे विचार मांडण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. आजच्या श्रोतृवर्गात व्यापारी बांधव मोठ्या संख्येने आहेत. म्हणून ‘प्रणाली विश्लेषण आणि आराखडा’, म्हणजेच सिस्टीम्स ॲनालिसिस अँड डिझाइन, हा विषय मी निवडला आहे.

नाव भारदस्त असले तरी आशय सोपा आहे. व्यवसायातील माहिती कोठे निर्माण होते, कोणाच्या हातून कोठे जाते आणि तिच्या आधारे कोण कोणता निर्णय घेतो, याचा पद्धतशीर शोध म्हणजे विश्लेषण. त्या शोधावरून काम यापुढे कसे चालावे हे कागदावर निश्चित करणे म्हणजे आराखडा. संगणक आणि आज्ञावली यांचा क्रमांक त्यानंतर लागतो. व्यवहारात मात्र हा क्रम पुष्कळदा उलटा होतो. प्रथम यंत्राची खरेदी होते आणि त्याच्याकडून काय करून घ्यायचे, याचा विचार मागाहून सुरू होतो.

या शास्त्राचा एक आरंभ शोधू गेल्यास तो एका चहा आणि केक विकणाऱ्या कंपनीत सापडतो. इंग्लंडमधील जे. लायन्स अँड कंपनीची चहाची उपाहारगृहे लंडनभर पसरलेली होती. विक्रीची रक्कम लहान, नफा पैशांत मोजावा असा, आणि हिशेबाच्या नोंदी मात्र अगणित. या कंपनीतील जॉन सिमन्स हे मूळचे गणिताचे विद्यार्थी. त्यांच्या प्रेरणेने १९३० च्या दशकाच्या आरंभीच कंपनीने कार्यपद्धतींच्या संशोधनासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. कोणता कागद कशासाठी लिहिला जातो आणि तो न लिहिल्यास काय अडेल, हे तपासणे हे त्या विभागाचे काम. त्या वेळी संगणक अस्तित्वातही नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे.

१९४७ मध्ये कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेस गेले असता त्यांना इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांची माहिती मिळाली; आणि असेच यंत्र आपल्याच देशात, केंब्रिज विद्यापीठात, मॉरिस विल्क्स उभारीत आहेत हेही तेथेच कळले. कंपनीने त्या कार्यास ३,००० पौंडांचे साहाय्य केले आणि त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधले. त्याचे नाव ‘लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस’, संक्षेपाने ‘लिओ’. नोव्हेंबर १९५१ मध्ये या यंत्रावर बेकरीच्या उत्पादनाचे साप्ताहिक मूल्यांकन नियमितपणे होऊ लागले. नित्याचे व्यावसायिक काम करणारा हा जगातील पहिला संगणक मानला जातो.

त्यानंतर वेतनपत्रकाचे काम हाती घेतले गेले. एका कर्मचाऱ्याच्या वेतनाचा हिशेब करण्यास अनुभवी कारकुनाला सुमारे आठ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद पुरे. परंतु माझ्या मते लिओचे खरे मोठेपण या वेगात नाही. ते ऑक्टोबर १९५४ मध्ये सुरू झालेल्या उपाहारगृहांच्या मागणी-व्यवस्थेत आहे, आणि त्याचे बरेचसे श्रेय डेव्हिड कॅमिनर या प्रणाली विश्लेषकाच्या चमूकडे जाते.

पूर्वी प्रत्येक उपाहारगृहाची व्यवस्थापिका दुसऱ्या दिवशी लागणाऱ्या मालाचे लांबलचक पत्रक रोज भरीत असे. हीच पत्रके यंत्रात भरली असती, तरी काम काही अंशी झालेच असते. विश्लेषकांनी मात्र वेगळा प्रश्न विचारला : या पत्रकातील किती मजकूर रोज नवा असतो? उत्तर मिळाले की बराचसा मजकूर जुनाच असतो. सोमवारची मागणी बहुधा मागील सोमवारसारखीच असते. म्हणून प्रत्येक वारासाठी एक कायम मागणी ठरविण्यात आली. ठरलेल्या वेळी मुख्य कार्यालयातून व्यवस्थापिकेला दूरध्वनी जाई आणि ती फक्त फरक सांगे : अमुक पाव वाढवा, तमुक केक कमी करा. दूरध्वनीवर ऐकणारी कर्मचारी त्याच क्षणी कार्डांवर छिद्रे पाडून तो फरक नोंदवी. एवढ्या अल्प माहितीवरून लिओ कोणत्या शाखेसाठी कोणता माल बांधायचा याच्या याद्या, पाठवणीची कागदपत्रे आणि विक्रीचे आकडे तयार करी. व्यवस्थापिकेचे लेखनकाम वाचले आणि ग्राहकांकडे पाहण्यास तिला अधिक वेळ मिळाला. ही बचत यंत्राने नव्हे, यंत्रापूर्वी केलेल्या विचाराने झाली.

याच लंडन शहरात पुढे घडलेले एक विरुद्ध उदाहरणही सांगतो. समभागांची कागदी प्रमाणपत्रे टाळून व्यवहार पूर्ण करण्यासाठी तेथील शेअर बाजाराने ‘टॉरस’ ही प्रणाली हाती घेतली. दलाल, बँका, निबंधक, गुंतवणूकदार अशा प्रत्येक घटकाची अपेक्षा आराखड्यात सामावून घेण्याच्या प्रयत्नात ती इतकी गुंतागुंतीची झाली की मार्च १९९३ मध्ये अफाट खर्चानंतर सोडून द्यावी लागली. पुढे बँक ऑफ इंग्लंडच्या पुढाकाराने ‘क्रेस्ट’ ही प्रणाली १९९६ मध्ये सुरू झाली. तिने कामाची मर्यादा आधी आखून घेतली. ज्यांना कागदी प्रमाणपत्र हवे, त्यांना ते ठेवण्याची मुभा दिली. काय करायचे नाही हे ठरविणे हादेखील आराखड्याचाच भाग आहे. मुंबईत त्याच वर्षी एनएसडीएलद्वारे डिमॅट व्यवस्था सुरू झाली. तिचा लाभ येथील अनेकांनी घेतलेला आहे.

आता आपल्या दुकानाकडे वळू. आपल्या पिढ्यानपिढ्यांच्या रोजमेळ आणि खतावणीत हेच शास्त्र दडलेले आहे. व्यवहार घडताच रोजमेळात नोंद, तेथून खात्यावर खतावणी आणि अखेरीस ताळमेळ. म्हणून नवी प्रणाली आणताना तीन गोष्टी पाळाव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे.

पहिली गोष्ट : काम करणाऱ्या माणसाचे ऐकावे. मालक सांगतो ती पद्धत आणि गल्ल्यावर प्रत्यक्ष चालते ती पद्धत यांत अंतर असते. माल परत आला, उधारीचे अर्धे पैसे आले, कच्च्या चिठ्ठीवर माल गेला, या प्रसंगी काय होते ते मुनीमजींनाच ठाऊक असते. त्यांना वगळून केलेली प्रणाली अशा प्रसंगी अडते. तसेच, संगणक आपली जागा घेईल ही भीती त्यांच्या मनात असेल, तर ते मोकळेपणाने सांगणारही नाहीत. यापुढे त्यांचे काम काय असेल, हे मालकाने आरंभीच स्पष्ट केले पाहिजे.

दुसरी : बदलणारे आणि न बदलणारे वेगळे ठेवावे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या दरांत मोठे बदल झाले. ज्या प्रणालीत कराचे दर तारखेसह स्वतंत्र कोष्टकात होते, तेथे नव्या तारखेची ओळ भरणे पुरेसे होते, आणि जुन्या बिलावरील दर जसाच्या तसा राहिला. जेथे दर आज्ञावलीतच गोवलेला असतो, तेथे प्रत्येक बदलासाठी तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते.

तिसरी : जुनी वही घाईने मिटू नये. निदान एक महिना वही आणि संगणक समांतर चालवावेत आणि रोजच्या शिलकेचा मेळ घ्यावा. शिलकेत फरक पडला, तर त्याचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

बंधुभगिनींनो, मोठ्या कंपनीला एखादी फसलेली प्रणाली पचविता येते. लहान व्यापाऱ्याची मात्र वर्षाची कमाई त्यात जाऊ शकते, आणि ग्राहकाची उधारी चुकीची दाखविली गेली तर जोडलेला विश्वासही जातो. विश्लेषणाला लागतो तो थोडा वेळ आणि बरीचशी विचारपूस. हा खर्च आपणांपैकी प्रत्येकाला परवडणारा आहे.