नव्या मोटारीची भूक

पाडव्याला किंवा दसऱ्याला घरीं नवी मोटार येते. हार घातला जातो, चाकाखालीं लिंबू ठेवतात, नारळ फुटतो. आणि पंधरा दिवसांनीं पेट्रोलच्या पावत्या मांडून बसलेला गृहस्थ चिंतातुर होतो. विक्रेत्यानें लिटरमागें २० किलोमीटर सांगितलेले असतात, पदरीं पडतात १४. गाडींत खोट आहे अशा समजुतीनें तो वर्कशॉपचे हेलपाटे घालूं लागतो. पुष्कळदां खोट गाडींत नसते. हिशेब फार लवकर मांडलेला असतो.

सिलिंडरची आंतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. तिच्यावर तेल धरून राहावें म्हणून मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या सूक्ष्म रेघा ओढलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा प्रथम या रेघांमधील उंचवट्यांवर घासतात. उंचवट्यांचीं टोकें झिजून सपाट होतात, खांचांत तेल राहतें आणि रिंगा भिंतीला सर्व बाजूंनीं टेकूं लागतात. कोल्हापुरी वहाण पायाला बसावी, तसाच हा प्रकार. तोंपर्यंत नुकसान दुहेरी असतें: घर्षणांत शक्ति खर्चीं पडते आणि ज्वलनाच्या दाबाचा कांहीं अंश रिंगांच्या बाजूनें खालीं निसटतो. नवे टायरही, त्यांच्यावरील रबराचा थर जाड असल्यामुळें, अंमळ अधिक शक्ति खातात.

कसोट्यांचे नियम करणाऱ्यांनींही हें ओळखलेलें आहे. युरोपांत २०१७ पर्यंत नव्या गाड्यांना जी कसोटी लागू होती, तिच्यासाठीं मोटार ३,००० ते १५,००० किलोमीटर चाललेली असावी अशी अट होती. कारखान्यांतून नुकतीच निघालेली गाडी तपासल्यास कार्बन डायऑक्साइडच्या आंकड्यास ०.९२ नें गुणण्याची मुभा असे; म्हणजे गाडी रुळल्यावर तो ८ टक्क्यांनीं उतरेल, असें धरून चालत. अमेरिकन सरकारचें ऊर्जाखातें सांगतें कीं, इंजिन पुरतें रुळावयास ३ ते ५ हजार मैल, म्हणजे सुमारे ४,८०० ते ८,००० किलोमीटर लागूं शकतात. हल्लीं सिलिंडर कारखान्यांतच अधिक सफाईनें घोटले जातात, त्यामुळें फरक पूर्वीइतका राहिलेला नाहीं.

अर्थात् २० चे १४ होण्यास एवढें कारण पुरत नाहीं. जाहिरातींतील आंकडा पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेंत, रोलरवर, ठराविक गतीनें गाडी चालवून काढलेला असतो. तेथें लक्ष्मी रस्त्यावरील गर्दी नसते. शिवाय नव्या गाडींतून आत्या, मावशी, शेजारचीं मुलें, सर्वांस एकेक फेरी हवी असते. इंजिन तापतें न तापतें तोंच गाडी परत दारांत! थंड इंजिनाइतकें उधळें दुसरें कांहीं नाहीं.

खरा धोका पुढेंच आहे. आंकडा सुधारावा म्हणून कांहीं गृहस्थ पहिल्या महिन्यांतच गाडी वरच्या गिअरांत रखडत नेतात. इंजिन धडधडतें, बेअरिंगांवर भार येतो आणि बचत नांवाची. उलट रिंगा बसण्यास मध्यम भार व बदलती गति हवी असते. म्हणूनच माहितीपुस्तकांत बहुधा पहिल्या सुमारे १,००० किलोमीटरांत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबूं नये, तसेंच फार वेळ एकाच वेगानें जाऊं नये, असें छापलेलें असतें. हें पुस्तक मोटारीच्या खणांतून बाहेर काढणारे थोडेच. रिंगा नीट बसल्या नाहींत, तर इंजिन तेल जाळूं लागतें आणि इंधनाचा तोटा कायमचा मागें लागतो.

हिशेब ठेवावयाचाच, तर नळी आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरावी, किलोमीटर टिपावे, पुढच्या वेळीं त्याच पंपावर तशीच भरून भागाकार करावा. एका टाकीवरून निकाल देऊं नये. चार-पांच भरण्यांची सरासरी घ्यावी. टायरमधील हवा मात्र पहिल्याच आठवड्यांत पाहावी. तसेंच फेरफटक्यानंतर एकच चाक इतरांहून फार तापलेलें लागलें, तर ब्रेक चिकटत असण्याचा संभव असतो. त्यासाठीं गाडी रुळण्याची वाट न पाहतां ती लगेच वर्कशॉपांत न्यावी.