मागची गाडी हॉर्न वाजवत नाही

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



माझं लहानपण पुण्यात गेलं. सायकलींचं शहर हीच तेव्हा पुण्याची ओळख होती. वडील सायकलनं कचेरीत जायचे. मीही शाळेत, कॉलेजात आणि पुढे नोकरीवर सायकलनंच जात असे. १९९४ साली एका संध्याकाळी एक बस माझ्या हँडलला घासून गेली आणि मी रस्त्याच्या कडेला फेकला गेलो. खरचटण्यापलीकडे फारसं लागलं नाही, पण घरी आल्यावर सौ. एवढंच म्हणाली, "अहो, आता पुरे." मलाही ते पटलं. सायकल आधी जिन्याखाली गेली आणि नंतर भंगारात. पुढे जवळजवळ तीस वर्षं मी सायकलला हात लावला नाही.

महाराष्ट्रातले अनेक सायकलपटू हल्ली 'पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस'ला जातात. १८९१ साली सुरू झालेली ही बाराशे किलोमीटरची दौड ते नव्वद तासांच्या आत पुरी करतात. मी त्यातला नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. माझी मजल दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरची, तीही वाटेत तीनदा बसून.

मुलगी नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये ल्यों इथे असते. २०२३ च्या जून महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो होतो. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, माझी सायकल घ्या आणि आगगाडीनं तुर्नूला जा. तिथून पुढे रस्ता तुमचाच आहे." सौ.नं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, पण दुसऱ्या दिवशी निघालो.

तुर्नू हे नदीकाठचं जुनं गाव. नदीचं नाव सोन. आपल्या सोन नदीशी तिचा अर्थातच काही संबंध नाही. मुलीनं बरोबर मिशलँचा नकाशा दिला होता. टायर बनवणारी ही कंपनी रस्त्यांचे नकाशेही काढते. त्यात मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि लहान गावांना जोडणारे पांढरे असतात. चढ असेल तिथे छोटे बाण काढलेले असतात, चढ जितका खडा तितके बाण जास्त. मुलीनं बजावलं होतं, "पांढरे रस्ते धरा. आणि उजवीकडून चालवा." पहिल्या चौकात मी सवयीनं डावीकडे गेलोच! नशीब, समोरून कोणी येत नव्हतं.

गाव सुटलं आणि टेकड्या सुरू झाल्या. आपल्या घाटासारखा एकदम उभा चढ नाही. जमीन समुद्राच्या लाटेसारखी वर जाते, खाली येते. दहा मिनिटं धापा टाकायच्या आणि दोन मिनिटं वारा खायचा. दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणं, त्यापलीकडे शारोले जातीच्या पांढऱ्याशुभ्र गाई. गवताची कापणी चालली होती, त्याचा वास सगळीकडे भरून राहिला होता. मोजायची खोड असल्यानं मी गाड्या मोजल्या. पांढऱ्या रस्त्यावरच्या पहिल्या पंधरा किलोमीटरमध्ये मला सात वाहनं भेटली, त्यातले दोन ट्रॅक्टर.

अशाच एका चढावर मागून इंजिनाचा आवाज आला. मी हॉर्नची वाट बघू लागलो. हॉर्न वाजेना, आणि गाडी पुढेही जाईना. दहा सेकंद, वीस सेकंद. आवाज पाठीला चिकटलेला. शेवटी माझाच धीर सुटला. सायकल कडेला घेतली, चाक गवतात रुतलं आणि मी आडवा झालो. मागच्या जुनाट व्हॅनमधून साठीच्या एक शेतकरीण बाई धावत आल्या. मला फ्रेंच येत नाही. पण त्यांच्या हातवाऱ्यांवरून एवढं कळलं की त्या विचारत होत्या, "अहो, तुम्ही थांबलात कशाला?"

रात्री मुलीनं उलगडा केला. तिथल्या कायद्याप्रमाणे गावाबाहेर सायकलस्वाराच्या पुढे जाताना किमान दीड मीटर अंतर सोडावं लागतं, गावात एक मीटर. समोरचं स्पष्ट दिसत असेल तर त्यासाठी रस्त्यामधली अखंड पांढरी रेघ ओलांडायलाही २०१५ पासून परवानगी आहे. दिसत नसेल तर मागे थांबायचं. त्या चढावर पुढे वळण होतं, म्हणून बाई थांबल्या होत्या. त्यांच्या लेखी मी रस्त्यातली अडचण नव्हतो. रस्त्यावरचं आणखी एक वाहन होतो, इतकंच.

हे ऐकून मला १९९४ ची ती संध्याकाळ आठवली आणि झोप लागायला उशीर झाला.

पुढच्या रविवारी मुलगीही बरोबर आली. ब्राँसियोंची खिंड चढून आम्ही शापेझला उतरलो. तिथलं दगडी चर्च अकराव्या शतकातलं आहे. चढावर मला गिअरचं महत्त्व पुरेपूर पटलं. ल्योंपासून जवळच असलेल्या सेंत-एतियेन गावात पोल द व्हिव्ही नावाचा एक गृहस्थ होऊन गेला (१८५३ ते १९३०). व्हेलोसिओ या टोपणनावानं तो लिही. सामान्य माणसानं सायकलवर देश बघावा आणि त्यासाठी सायकलला गिअर असावेत, असा त्याचा आग्रह होता. तूर द फ्रान्स शर्यतीत मात्र चालता चालता साखळी बदलणाऱ्या गिअरना १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, हा त्याचा सल्ला मी तंतोतंत पाळला.

तंतोतंत म्हणजे, पाळायचा प्रयत्न केला. कारण दुपारी बारा ते दोन तिकडच्या खेड्यांत सगळं बंद. आपल्या पुण्याला उगाच नावं ठेवतात! एका गावात पाणी संपलं. मुलगी म्हणाली, "दफनभूमीत नळ असतो." खरंच होता. पाणी पिण्याजोगं आहे, याची पाटी बघून आम्ही बाटल्या भरल्या.

बाहेर चौकात पहिल्या महायुद्धाचं स्मारक होतं. फ्रान्समध्ये असं स्मारक बहुतेक प्रत्येक गावात आहे. त्या युद्धात फ्रान्सचे १३ लाखांहून अधिक सैनिक गेले. त्या चिमुकल्या गावाच्या दगडावर मी बावीस नावं मोजली. एकच आडनाव तीनदा होतं. बाजूच्या बाकावर एक आजोबा बसले होते. मुलीनं त्यांना विचारलं, की इथे पाव कुठे मिळेल? ते हसले. पावाचं दुकान कधीच बंद झालं, म्हणाले. त्यांच्या लहानपणी गावच्या शाळेत तीसेक मुलं होती. आता शाळेच्या इमारतीत कोणी शहरातले लोक उन्हाळ्यापुरते येऊन राहतात. मग त्यांनी आम्हाला विचारलं, "तुम्हाला आमचा रस्ता आवडला का?" मुलगी म्हणाली, "फार! किती शांत आहे." आजोबा म्हणाले, "हो. फारच शांत आहे."

ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. मग परतल्यावर मी थोडं वाचलं. हे रस्ते आले कुठून? १८३६ साली फ्रान्समध्ये एक कायदा झाला आणि गावरस्ते राखणं ही प्रत्येक गावाची जबाबदारी ठरली. गावकऱ्यांना त्यासाठी वर्षाला तीन दिवसांपर्यंत काम करावं लागे, नाही तर तेवढे पैसे भरावे लागत. असे रस्त्यांचं दाट जाळं तयार झालं. मग माणसं निघून गेली. काही युद्धात गेली, पुष्कळशी शहरांकडे गेली. शेतात दहा माणसांचं काम एक ट्रॅक्टर करू लागला. रस्ते मात्र राहिले. आज त्या सोन-ए-ल्वार जिल्ह्यात चौरस किलोमीटरला पासष्टच्या आसपास माणसं राहतात. आपल्या पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सहाशेच्या वर होती.

आगगाडीचंही तेच झालं. कोर्मातँहून क्लुनीला आम्ही ज्या वाटेनं गेलो, तो पूर्वीचा रेल्वेमार्ग. गाड्या बंद पडल्यावर रूळ काढून तिथे डांबर घातलं आणि १९९७ साली जिव्री ते क्लुनी अशी ४४ किलोमीटरची, मोटारींना बंदी असलेली वाट खुली झाली. वाटेवरची जुनी स्टेशनं अजून उभी आहेत. लहान मुलं, आजीआजोबा, सगळे निर्धास्त सायकल चालवत होते. क्लुनीच्या पुढे याच मार्गावर सुमारे १,६०० मीटरचा एक बोगदा आहे, तो वटवाघळांसाठी हिवाळ्यात बंद ठेवतात.

तेव्हा ती शांतता फुकट आलेली नाही. तिच्यात एक वाटा त्या जुन्या गावकऱ्यांच्या कष्टांचा, आणि एक वाटा रिकाम्या झालेल्या घरांचा. पाहुण्याला रस्ता मोकळा वाटतो, आजोबांना तोच ओस वाटतो. तशी शांतता मी माझ्या गावांसाठी मागणार नाही. आपल्या रस्त्यांवर माणसं आहेत, असू देत.

पण तिसरा एक वाटा आहे. त्या व्हॅनवाल्या बाईंचा. कोणी बघत नसतानाही वळणाआधी मागे थांबायचं आणि हॉर्नवरचा हात दूर ठेवायचा. त्याला ना गाव ओस पडावं लागतं, ना पैसा लागतो.

परत आल्यावर मी जुनी का होईना, सायकल घेतली. पहाटे दोन तास चालवतो. सौ.ची अट एकच, हेल्मेट. पण खरं सांगायचं तर बदल सायकलवर झाला नाही, मोटारीत झाला. मध्यंतरी सासवडला निघालो होतो. हडपसरच्या पुढे एक म्हातारबाबा सायकलच्या कॅरियरवर हिरव्या चाऱ्याचा भारा लादून चालले होते. समोरून गाड्यांची रांग. पूर्वी मी हॉर्नवर हात ठेवून त्यांना मातीत उतरवलं असतं. तीस वर्षं मी हेच करत आलो होतो. या वेळी दुसऱ्या गिअरमध्ये त्यांच्या मागे राहिलो. माझ्या मागच्यांनी अर्थातच हॉर्नचा गजर सुरू केला. जागा मिळाल्यावर मी लांबून पुढे गेलो आणि आरशात पाहिलं. म्हातारबाबा डांबरावरच होते.